चार कोपरे, पाच माणसं

मराठी ताटात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मीठ वर मधोमध, लिंबाची फोड त्याच्या शेजारी, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. जग इकडचं तिकडे झालं तरी कोशिंबीर उजवीकडे जात नाही. या आखणीत भट्टीतून निघालेला पास्ता कुठे वाढायचा, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. त्यात दूध आहे, पण ती खीर नव्हे. तिखटमीठ आहे, पण ती भाजीही नव्हे. सासूबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला, सगळ्या बाजूंनी निरखला आणि विचारलं, "याच्याबरोबर काय?"

"काही नाही, आई. हेच."

"हेच म्हणजे?"

"हेच जेवण."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी आमच्याकडे बेक्ड पास्ता पोळीशी खाल्ला गेला. सोबत लसणीची चटणीही होती.

हे ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी चकोल्या आठवाव्यात. आमटीत शिजलेली ती पोळीच, आणि कोरडी पोळी बाजूला घेऊन चकोल्या खाणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. गव्हाशी गहू खाण्यात आपण कधी लाजलेलो नाही. इटलीतही पास्ता संपला की ताटलीला लागलेला रस पावाच्या तुकड्यानं पुसून खातात. सासूबाईंनी तो तुकडा आधीपासूनच हातात घेतला होता, एवढाच काय तो फरक.

पुढे एकदा शिंपल्यांच्या आकाराच्या पास्त्याची पिशवी त्यांच्या हाती लागली. चष्मा लावून त्यांनी ती उजेडात धरली. "अगं, हे तर नखुले!" म्हणाल्या. मग तासभर आम्ही दोघी स्वयंपाकघरात नव्हतोच; त्यांच्या माहेरच्या पडवीत होतो. मे महिन्याची दुपार, रव्या-मैद्याचा घट्ट गोळा, त्यावर ओलं फडकं, आणि आळीतल्या बायका गोल करून वळवट करताहेत. गव्हल्या, मालत्या, बोटवे, नखुले. कुणाची गव्हली तांदळाच्या दाण्याएवढी बारीक येते आणि कुणाची जाड, यावरून पुढच्या लग्नसराईपर्यंत पुरेल एवढी चर्चा. लग्नाचा मुहूर्त करायचा तोही सवाष्णींनी गव्हल्या वळून. वाळवायचं, डब्यात भरायचं, रुखवतात मांडायचं आणि कधीतरी खीर करायची. तिकडचे लोक तेच वाळवतात, डब्यात भरतात आणि टोमॅटोत शिजवतात. ज्या कडक डुरम गव्हाच्या रव्याचा तिकडे पास्ता होतो, त्याच जातीचा गहू आपल्याकडे बन्सी म्हणून पिकतो. तेव्हा सासूबाईंना पास्ता परका वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांना परकी वाटली ती भट्टी.

पास्ता मार्को पोलोनं चीनहून आणला असं आम्हाला शाळेच्या वयात कुणीतरी सांगितलं होतं आणि ते कितीतरी वर्षं आम्ही इतरांना सांगत होतो. प्रत्यक्षात अल-इद्रीसी या भूगोलकारानं 1154 साली अरबीत नोंदवून ठेवलं आहे, की सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी पिठाच्या सुतरफेण्या ढिगानं होतात आणि जहाजांत भरून दूरदूर जातात. पोलोसाहेब त्यानंतर शंभर वर्षांनी जन्माला आले.

भाजलेला पास्ता मात्र दोन घरांतला. एक घर राजवाड्याचं. लाम्पेदूझाची 'इल गात्तोपार्दो' ही कादंबरी 1958 साली आली. तिच्यात सिसिलीतल्या एका सरदाराच्या घरी जेवणावळ आहे. गावातले पाहुणे धास्तावलेले, की ही मोठी माणसं परदेशी रीत म्हणून सुरुवातीला पातळ सूप पुढे ठेवणार. तेवढ्यात सेवक चांदीच्या ताटांतून मॅकरोनीचे उंच बुरूज घेऊन येतात, आणि पाहुण्यांचा जीव भांड्यात पडतो. बाहेर साखर-दालचिनीच्या वासाचं खुसखुशीत आवरण, आत मांस, अंडी आणि काय काय. त्या पाहुण्यांबद्दल मला फार आपुलकी वाटते. कुठल्याही लग्नात बुफेच्या तोंडाशी सूपचा वाडगा हातात धरून उभ्या असलेल्या आपल्या काकांच्या चेहऱ्यावर मी तीच धास्ती पाहिली आहे.

दुसरं घर साधं. दक्षिण इटलीत रविवारी आणि सणासुदीला हाच पदार्थ मोठ्या ताटात भाजतात. आदल्या दिवशीचं जे जे उरलं असेल ते त्यात जातं. 15 ऑगस्टला तिकडे मोठी सुट्टी असते. पालेर्मोची कुटुंबं पास्त्याच्या छोट्या कड्या भाजलेलं ताट फडक्यात बांधून चक्क समुद्रावर घेऊन जातात. अमेरिकेत 1937 साली, मंदीची झळ अजून संपलेली नसताना, मॅकरोनी-चीजचा एक डबा बाजारात आला. जाहिरात अशी, की 19 सेंटांत चौघांचं जेवण. आमचा पास्ता याच दुसऱ्या घरातला. त्यात चांदीचं काही नाही. काचेचं एक भांडं आहे, तेही लग्नात आहेर म्हणून आलेलं आणि कितीतरी वर्षं खोक्यातच राहिलेलं.

काटकसर हा तर आमचा प्रांत. पाव किलो मॅकरोनी, अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, दोन-तीन टोमॅटो, एक कांदा, लसूण आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जे काही मान टाकून पडलं असेल ते. अर्धी सिमला मिरची, एक गाजर, फ्लॉवरचे चार तुरे, मूठभर मटार. या भाज्यांची स्वतंत्र भाजी होणार नसते, आणि टाकवत तर नाहीत. ओरेगॅनो आणि लाल मिरचीची भरड यांवर आम्ही आजवर एक पैसा खर्च केलेला नाही. घरपोच आलेल्या पिझ्झाबरोबरच्या चिमुकल्या पुड्या एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात साठवलेल्या असतात. कुठल्याही मराठी घराच्या खणात असा डबा सापडेल. काही घरांत त्याशेजारी सॉसच्या पुड्यांचा दुसरा डबाही असतो. सगळं मिळून चार-पाच जणांचं जेवण दोनशे रुपयांच्या आत बसतं. हॉटेलात तेवढ्यात एकाची अर्धी ताटली होते, आणि तीही वाढपी आपल्यावर उपकार करत असल्यासारखा ठेवून जातो.

महाग असतं ते चीज. इथे घरात दोन पक्ष आहेत. मुलांना तार हवी असते: चमचा उचलला की भांड्यापासून तोंडापर्यंत ताणली जाणारी. ती तार मोझरेलाची, आणि मोझरेला खिशाला जड. नेपल्सच्या आसपास ते म्हशीच्या दुधाचं करतात. म्हशींनी भरलेल्या महाराष्ट्रानं हे ऐकून नुसतं सुस्कारे टाकावेत. चौकोनी वडीचं आपलं नेहमीचं चीज स्वस्त आणि गुणी. ते करतानाच त्यात असे क्षार घातलेले असतात, की वितळताना त्यातलं तूप वेगळं होत नाही, सॉसमध्ये ते निमूट मिसळून जातं. पण तार देत नाही. म्हणून आमच्याकडे तह झाला आहे. वडी किसून सॉसमध्ये, आणि मोझरेला फक्त वर, तेही जिथे नजर पडेल तिथे. उरलेल्या जागेवर टोस्टचा चुरा. टोस्टच्या डब्याच्या तळाशी जो भुगा साठतो ना, तोच. त्यावर लोण्याचे दोन-चार ठिपके. ही काही माझी अक्कल नव्हे. सिसिली-कालाब्रियातल्या गरीब घरांत चीज परवडायचं नाही, तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून पास्त्यावर भुरभुरायचे, आणि आता परवडतं तरी भुरभुरतात.

शिजवण्याचा जुना इटालियन हिशेब असा, की शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. म्हणजे पाव किलोला अडीच लिटर. ज्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे अडीच लिटर उकळून मोरीत ओतायला छाती लागते. मी दीड लिटरच घेते आणि अधूनमधून ढवळत राहते. चिकटत नाही. निथळलेलं ते पाणी वाटीभर सॉसला आणि उरलेलं संध्याकाळच्या कणकेला. सासूबाईंनी या पाण्याचा विनियोग पाहिला तेव्हा प्रथमच माझ्याविषयी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर सात-आठ मिनिटांतच उतरवायचं, मध्ये किंचित कणी ठेवून. पुढची शिजवणी भट्टीत व्हायची असते. तिथे मॅकरोनी सॉस पिऊन फुगते, म्हणून सॉसही वाटतो त्यापेक्षा पातळच हवा. घट्ट सॉस घातला की बाहेर निघते ती वडी. सुरीनं कापून ताटात मांडता येते आणि घशाखाली उतरवायला पाणी लागतं.

पांढरा सॉस करताना मात्र मला कुणी हाक मारू नये. लोणी वितळवून त्यात मैदा मंद आचेवर परतायचा, खमंग वास सुटेपर्यंत, पण रंग बदलू न देता. मग दूध थोडं थोडं. आधी लोण्यात परतल्यानं मैद्याचा कण न् कण सुटा होतो आणि दूध आलं तरी गुठळी धरत नाही. हा सॉस चौदाव्या लुईच्या दरबारातल्या बेशामेल नावाच्या कारभाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. हे गृहस्थ स्वतः पातेल्याशी उभे राहून ढवळत बसले असतील असं वाटत नाही. ढवळणारं कुणी वेगळंच असणार, आणि त्याचं नाव कुठेही नाही. लाल सॉसचं काम सोपं. कांदा, लसूण, टोमॅटो, भाज्या, मीठ, पुड्या. टोमॅटो आंबट निघाला तर चिमूटभर साखर. कुणाला फार वाटलंच तर गूळ. आमच्याकडे गूळच.

आता भट्टी. पूर्वी मध्यमवर्गीय मराठी घरात ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन असायचा. झाकणाला काचेची गोल खिडकी, आणि वायरला एक जाड, जुनाट पिन. तो वर्षातून दोनदा माळ्यावरून उतरायचा, एकदा वाढदिवसाच्या केकला आणि एकदा नाताळच्या सुट्टीत. नानकटाईसाठी मात्र दिवाळीच्या आधी ताटं घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायची. तिथे आपलंच ताट आपल्याला परत मिळेल याची खात्री नसायची. ग्रीसच्या गावांतही रविवारी घरोघरचे जेवणाचे तसराळे बेकरीच्या भट्टीत जायचे, हे वाचल्यावर मला त्या रांगेत उभं राहिल्याचा पश्चात्ताप जरा कमी झाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून वर जाळी ठेवावी, झाकण घट्ट लावावं. वर रंग येत नाही, पण आत सगळं नीट जमतं. आमच्याकडे आता काचेच्या दाराचा छोटा ओव्हन आहे. दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कांडी.

त्या पाच मिनिटांत पदार्थाचं भाग्य ठरतं. आत ओल असते तोवर तिथलं तापमान शंभराच्या फारसं वर जाऊच शकत नाही; म्हणून आत सगळं मऊ, दुधाळ. वरचा थर सुकतो, दीडशेच्या आसपास तापतो आणि आधी सोनेरी, मग तपकिरी होत जातो. कडेला, जिथे सॉस काचेला चिकटून उकळतो, तिथे तर खरवडच धरते. आपल्याला खरवडीचं वेड मुळातच. भाताची, खव्याची, तूप कढवल्यावरच्या बेरीची. आयताकृती भांड्यात ही खरवड सर्वांत जास्त येते चार कोपऱ्यांत. घरात माणसं पाच. यावरून आमच्याकडे जे चालतं त्याला मी वाद म्हणणार नाही, कारण वादात दोन्ही बाजू बोलतात. इथे एकजण बोलत असतो तोवर दुसरा चमचा चालवतो. गोल ओव्हनच्या काळात हा प्रश्न नव्हता. गोल भांड्याला कोपरेच नसतात.

पण या सगळ्याच्याही आधीची जी वीस-पंचवीस मिनिटं असतात, भांडं आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंतची, त्यांचं काय करायचं हे आमच्या घराला फार दिवस कळलं नाही. आपला स्वयंपाक उभ्यानं करायचा. भाजी परतायची, डाळ घोटायची, फोडणी जळू द्यायची नाही. पोळी तर तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. फुगलेली खाणाऱ्याचा मान, करणारीच्या वाट्याला शेवटची आणि गार. भट्टीचं काम वेगळं. एकदा दार लावलं की आपल्या हातात काही राहत नाही. ओव्हन कुणाला हाक मारत नाही, उतू जात नाही. मी ओटा पुसते, पुन्हा पुसते, आणि मग पुसायला ओटाच उरत नाही. सासूबाई दर तीन मिनिटांनी काचेतून डोकावतात. "अगं, ढवळायचं नाही?" "नाही, आई." "उलटायचं?" "तेही नाही." असा पदार्थ, जो स्वतःचं स्वतः बघतो, त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यांचा त्याच्यावर भरवसाही नव्हता.

बाहेर काढल्यावर आणखी दहा मिनिटं थांबायचं असतं, म्हणजे आतलं सगळं जागच्या जागी बसतं. मग भांडं टेबलावर मधोमध आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. एकापाठोपाठ नाही, आधी मुलं, मग पुरुष असंही नाही. तव्यावर काही नसतं, गॅस बंद असतो, आणून वाढायचं असं काही नसतं. अशा पहिल्या रविवारी आम्ही सगळे टेबलाशी आलो आणि तेव्हा लक्षात आलं, की खुर्च्या चार आहेत.

टेबल आमच्या लग्नानंतर घेतलेलं. घरात तेव्हाही माणसं जास्तच होती, पण दुकानात उभं राहून सगळ्यांनी एकमतानं ठरवलं होतं, की चार पुरेत. आणि पुरल्याही, इतकी वर्षं, कुणाला एकदाही कमी पडल्या नाहीत. पाचवं माणूस नेहमी गॅसपाशी होतं. कधी त्या, कधी मी. सासूबाई खुर्च्यांकडे पाहत होत्या, मीही पाहत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचं मात्र टाळलं. नवरा उठला, आतल्या खोलीतून संगणकापुढची चाकांची खुर्ची ढकलत आणली आणि स्वतः तिच्यावर बसला. ती टेबलापेक्षा बरीच उंच असल्यानं तो आम्हा सगळ्यांच्या वर दिसत होता. मुलांना त्यात जेवणापेक्षा जास्त मजा आली. गरम ताटली घेऊन सासूबाई बसल्या खऱ्या, पण एक पाय खुर्चीबाहेरच. दर दोन घासांनी त्यांची नजर ओट्याकडे जायची. "काही राहिलंय का गं?" "काही नाही राहिलं." "कुकर?" "लावलेलाच नाही." तेव्हा कुठे त्यांनी दुसरा पाय आत घेतला. आणि मग, इतका वेळ मुलांच्या चमच्यांतून वाचलेला खिडकीकडचा कोपरा त्यांनी शांतपणे आपल्या ताटलीत ओढला.

पाचवी खुर्ची अजून आलेली नाही. बाकीच्या चारींसारखी आता मिळत नाही म्हणे. पण संगणकाच्या खुर्चीला रविवारची सवय झाली आहे.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, हे माझं ठाम मत. थंड झाला की तो घट्ट बसतो आणि वड्या पडतात. नेपल्समध्ये उरलेली मॅकरोनी अंड्यात कालवून तव्यावर खरपूस परततात. तिची फोड हातात धरून, डब्यात घालून, प्रवासात खातात. आमच्याकडे अंडं सोमवारी चालत नाही. सासूबाईंनी बिडाचा तवा तापवला, तेलाचे चार थेंब सोडले आणि वड्या दोन्ही बाजूंनी भाजल्या, थालीपिठाला लावतात तशीच मंद आच लावून. कोपऱ्यांचा प्रश्न या पद्धतीनं कायमचा मिटतो. दोन्ही अंगांना खरवडच खरवड. डब्यातून नेलेल्या त्या वड्यांतली एकही कन्येच्या वाट्याला आली नाही अशी तक्रार संध्याकाळी आली. पुढच्या वेळी दोन जास्त दे, असंही तिनं बजावलं.

स्वस्त, सोपा आणि पोटभर, असा मी या पदार्थाचा गौरव जिथे तिथे करत असते. त्या हिशेबात भांडं धरलेलं नसतं. कोपऱ्यांत जे चिकटतं ते सगळं काही कुणाच्या चमच्याला येत नाही. काचेच्या त्या भांड्याच्या कडांवर तपकिरी, टणक, चकचकीत असं काहीतरी उरतं. रात्रभर गरम पाण्यात भिजवलं, खायचा सोडा टाकला, तरी ते तिथेच. मी ते शक्यतो स्वतः घासून ठेवते. परवा राहून गेलं. सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी ते उचललं, उजेडाकडे धरलं, नखानं खरवडून पाहिलं.

"ताई, हे जळलं काय?"

"नाही हो मावशी, ते तसंच करायचं असतं."

मावशींनी भांडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि नारळाची शेंडी हातात घेतली.

"असं करा," म्हणाल्या, "पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगा. मी सुट्टी घेईन."